पाणी मोजून शिरायचं रान

बोत्स्वानाच्या चलनाचं नाव ‘पुला’. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. देशाच्या राजचिन्हावर ब्रीदवाक्य म्हणून हाच एक शब्द आहे, आणि सभेत भाषण रंगलं की लोक ‘पुला!’ असा गजर करतात. पाऊस, पैसा आणि आशीर्वाद या तिन्हींना ज्या देशात एकच शब्द पुरतो, तिथे कशाची वानवा आहे हे वेगळं सांगायला नको. या देशाच्या ऐन मध्यात सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्ह पसरलं आहे. क्षेत्रफळ सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारीचा गाभा आणि बफर मिळून १,७२७ चौरस किलोमीटर होतात. म्हणजे असे तीस ताडोबा यात मावतील. गोव्याचं माप घेतलं तर चौदा गोवे. आणि एवढ्या पसाऱ्यात वाहती नदी एकही नाही.

आफ्रिकेतली सफारी म्हटली की आपल्याकडे मसाई मारा डोळ्यांपुढे येतं. छत उघडणाऱ्या गाड्यांची रांग, वायरलेसवर ‘सिंह दिसला’ची कुजबुज, संध्याकाळी लॉजवर बुफे आणि टूर कंपनीने मुद्दाम सोबत नेलेल्या आचाऱ्याची दालखिचडी. त्यातही मजा आहेच. मध्य कलहारीचा मामला मात्र वेगळा. इथे गेटवर गाइड मिळत नाही, आत दुकान नाही, पंप नाही, फोनची रेंज नाही. आत थोडे लॉज आहेत, त्यांच्या छोट्या विमानपट्ट्या आहेत, ते महाग आहेत. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. बाकीचे लोक भाड्याच्या फोर-बाय-फोरच्या टपावर तंबू बांधून, चार-पाच दिवसांचं सगळं सामान लादून आत शिरतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

कलहारीला आपण वाळवंट म्हणतो, पण राजस्थानातल्या उघड्या टेकड्या मनातून काढून टाकाव्यात. इथली वाळू गवताखाली आणि झुडपांखाली झाकलेली आहे. पाऊस वर्षाकाठी सरासरी ३०० ते ४०० मिलिमीटर, आणि तोही लहरी. शिवाय पडला तरी साठत नाही. वाळू तो पिऊन टाकते. इथे शेफर्ड्स ट्री नावाचं पांढुरक्या खोडाचं, छत्रीसारखं ठेंगणं झाड आहे. पाण्यासाठी बोअर घेत असताना या झाडाची मुळं ६८ मीटर खोलवर सापडली. आजवर नोंदलेल्या मुळांत ही सर्वांत खोल. वर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं झाड आणि खाली वीस मजली इमारतीइतकं मूळ. या रानाचा सगळा स्वभाव त्या एका झाडात आला.

उद्यानाच्या उत्तर भागातून जुन्या नद्यांची पात्रं गेली आहेत: डिसेप्शन, पासार्ज, लेतियाहाऊ. हजारो वर्षांपूर्वी यांतून पाणी वाहत होतं. आता उरली आहेत ती सपाट, रुंद, गवताळ खोरी, आणि अधूनमधून ‘पॅन’ म्हणजे चिकणमातीची उथळ ताटं. डिसेप्शन म्हणजे फसवणूक, आणि हे नाव रास्त आहे. ऐन कोरड्या दिवसांत दुरून पाहिलं की पॅनची करडी-निळी माती तुडुंब भरलेल्या तळ्यासारखी चमकते. जवळ जावं तर भेगाळलेली जमीन.

कधी जावं, याचं उत्तर इतर आफ्रिकेच्या नेमकं उलटं आहे. बहुतेक उद्यानांत कोरडा हंगाम उत्तम मानतात, कारण पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी गोळा होतात. ताडोबात एप्रिल-मेच्या काहिलीत लोक जातात ते याच हिशोबाने. मध्य कलहारीत डिसेंबर ते एप्रिल हा काळ बघण्यासारखा. पाऊस पडला की खोऱ्यांतलं आणि पॅनमधलं गवत कोवळं, सकस होतं. स्प्रिंगबॉक आणि गेम्सबॉक ही इथली हरणं झुडपांतून निघून त्या गवतावर उतरतात, त्यांच्यामागे सिंह आणि चित्ते. मे उजाडला की हे कळप पांगू लागतात आणि तीस ताडोब्यांएवढ्या झुडपांत दिसेनासे होतात. थंडीत काही कृत्रिम पाणवठ्यांवर, संडे पॅन किंवा पायपर पॅनसारख्या ठिकाणी, बसून राहिलं तर दिसतं बरंच काही. पण जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो आणि सकाळी डब्यातलं पाणी गोठलेलं असतं. ऑक्टोबर टाळावा. चाळिशी ओलांडलेलं ऊन, करपलेलं गवत, आणि पावसाची वाट बघून कावलेले प्राणी आणि माणसं.

पावसाळ्याची किंमतही आहे. ती रस्त्यावर मोजावी लागते, त्याकडे येऊच.

सुरुवात माऊन गावापासून. मराठीत लिहिताना हात आपसूक ‘मौन’ लिहितो, आणि पुढचा प्रवास बघता ते चुकीचंही वाटत नाही. जोहान्सबर्गहून इथे थेट विमान येतं, गाड्या भाड्याने मिळतात, मोठी किराणा दुकानं आहेत. गाडी डाव्या बाजूने चालवायची असते, त्यामुळे आपल्याला अडचण नाही. माऊनहून राकोप्स गाव दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, डांबरी रस्त्याने. हा रस्ता बराच वेळ बोतेती नदीच्या आसपासून जातो. ही नदी सुमारे दोन दशकं कोरडी पडली होती आणि २००९ च्या सुमारास पुन्हा वाहू लागली. गाढवं, गाई आणि रस्त्यात ठिय्या देऊन बसलेल्या शेळ्या बघितल्या की नदी परत आल्याचं कळतं. वेग ऐंशीच्या वर नको, ते याच शेळ्यांमुळे. आणि अंधारात तर हा रस्ता घेऊच नये.

वाटेत गुरांच्या रोगराईसाठी उभारलेलं तपासणी नाकं लागतं. लाळ्या-खुरकुताचा प्रसार रोखण्यासाठी कच्चं मांस आणि दुधाचे काही पदार्थ एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. गाडीचा फ्रीज उघडून बघतात, बुटांचे तळवे सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावतात, चाकंही तशाच डबक्यातून न्यावी लागतात. माऊनमध्ये हौसेने घेतलेलं मटण इथे जमा होतं. शिजवलेलं चालतं, म्हणून जाणकार आदल्या रात्रीच रस्सा करून डब्यात भरतात. शाकाहारी मंडळी या नाक्यावर जरा ताठ मानेने उभी राहतात, एवढं खरं. साथ आली की विभागांच्या सीमा बदलतात, तेव्हा निघण्याआधी माऊनमध्ये चौकशी करावी.

राकोप्सला टाकी काठोकाठ भरायची. तिथला पंप कधी कधी कोरडा असतो, म्हणून माऊनहून निघतानाच टाकी आणि कॅन भरून घ्यावेत आणि राकोप्सला फक्त वरची भर घालावी. इथून मात्स्वेरे गेट साधारण ४५ किलोमीटर, वाळूच्या रस्त्याने दीड तास. गेटवर वहीत नावं, गाडीचा नंबर, मुक्कामाची ठिकाणं लिहून घेतात. आरक्षण नसेल तर आत मुक्काम मिळत नाही; तळ मोजकेच आहेत, काही वन्यजीव खात्याचे, काही खासगी कंपन्यांनी चालवायला घेतलेले, आणि ते महिनोन्‌महिने आधी भरतात. गेटवरच्या बोअरचं पाणी खारट आहे. हातपाय धुवायला चालेल, प्यायला नाही.

आता पाण्याचा हिशोब. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर, हे उन्हाळ्यातलं किमान. भांडी, दात, तोंड आणि दोन दिवसांआड तांब्याभर अंघोळ धरली तर १० लिटर. दोन माणसं, चार रात्री म्हणजे पाच दिवस: १०० लिटर. त्यावर गाडी अडकून दोन दिवस जास्त काढावे लागले तर पिण्यापुरते २० लिटर. म्हणजे १२० लिटर, म्हणजेच १२० किलो. हे वजन गाडीत शक्य तितकं खाली आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवावं, टपावर कधीच नाही. टपावर तंबू आधीच असतो आणि वाळूतल्या चाकोऱ्यांत गाडी झोकांड्या खाते.

आणि सगळं पाणी एका टाकीत ठेवू नये. भाड्याच्या गाड्यांना पाण्याची मोठी टाकी बसवलेली असते, ती सोयीची वाटते, पण तिची तोटी नेमकी खाली उघड्यावर असते. दिवसभराच्या धक्क्यांनी ती सैल होते, किंवा मधल्या गवताच्या वरंब्याला घासून तुटते, आणि संध्याकाळी तळावर पोचल्यावर कळतं की साठ लिटर पाणी वाटेने सांडत आलं. निम्मं टाकीत, निम्मं वीस-वीस लिटरच्या बंद कॅनमध्ये, हे सूत्र पक्कं. दुकानातले पाच लिटरचे पातळ प्लास्टिकचे कॅन घेऊ नयेत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर झिजून ते पाझरायला लागतात.

पाणी वाचवायला मराठी स्वयंपाकघर तसं उपयोगी. भाजणीचं थालीपीठ, पिठलं, मेतकूट, दाण्याची चटणी यांना पाणी कमी लागतं आणि भांडीही कमी पडतात. भाताचे मात्र धुण्यापासून पाणी खाण्याचे चाळे. कडधान्यं भिजवण्याच्या भानगडीत पडू नये. ताटं आधी कागदाने पुसून मग ओल्या फडक्याने पुसली की निम्मं पाणी वाचतं.

इंधनाचं गणितही असंच. डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटरला दहा लिटर डिझेल पिणारी हायलक्स वाळूत पंधरा ते अठरा पिते, कारण बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जाते. राकोप्सहून आत शिरून डिसेप्शन, पासार्ज, लेतियाहाऊ, पायपर असं फिरून परत यायला, पॅनभोवतीच्या फेऱ्या धरून, ६०० किलोमीटर सहज होतात. म्हणजे १०८ लिटर, आणि त्यावर पाव हिस्सा राखीव: १३५. ऐंशी लिटरची टाकी आणि वीस लिटरचे तीन लोखंडी कॅन. आत सरासरी वेग ताशी २०-२५ किलोमीटरच पडतो, तेव्हा नकाशावर ८० किलोमीटर दिसले तर दिवसाचं निम्मं गेलं समजावं.

वाळूत शिरण्याआधी हवा कमी करायची. डांबरी रस्त्यावर लादलेल्या गाडीला ३५ पीएसआय असते, ती २२-२३ वर आणावी. चाक जमिनीला लांबट टेकतं आणि वाळू कापण्याऐवजी तिच्यावर तरंगतं. फारच मऊ लागलं तर १८. त्याखाली गेलं की वळणावर टायर रिममधून निसटायची भीती. लोक हवा कमी करायचा कंटाळा करतात, फसतात, आणि मग एक्सलरेटर दाबून बसतात. त्याने चाक फक्त स्वतःचा खड्डा खणतं. गाडी थांबतेय असं वाटताच पाय काढावा, उतरावं, चारी चाकांभोवतीची आणि पोटाखालची वाळू फावड्याने ओढावी, हवा आणखी दोन-तीनने उतरवावी, आणि आल्या चाकोरीतूनच मागे घ्यावी. तीच दाबून पक्की झालेली असते. दहातल्या नऊ वेळा एवढं पुरतं. दहाव्या वेळी फळ्या चाकाखाली घालाव्यात. सकाळी वाळू थंड असते तेव्हा ती घट्ट असते. दुपारी तापली की तीच वाट दुप्पट जड जाते. कॉम्प्रेसर सोबत हवाच, कारण परत डांबरावर आल्यावर २२ च्या हवेने पळवलेला टायर तापून फाटतो. जादा टायर एक नाही, दोन.

पण इथला खरा शत्रू वाळू नाही. गवत आहे. पावसानंतर, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, दोन चाकोऱ्यांमधलं गवत बॉनेटइतकं वाढतं आणि तुऱ्यांनी लदबदतं. गाडी जाते तसं त्याचं कुसळ रेडिएटरच्या जाळीत जाऊन गच्च बसतं. हवा बंद, इंजिन तापायला लागतं. म्हणून पुढे बारीक जाळीचं कापड बांधतात आणि दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबून ते झटकतात. तरी आत गेलंच, तर कॉम्प्रेसरची हवा इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला मारायची. पुढून मारली तर कुसळ आणखी आत रुततं.

दुसरा प्रकार याहून वाईट. वाळलेलं गवत गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सर आणि संरक्षक पत्र्याच्या फटीत साठतं. सायलेन्सर तापलेला असतो. गाडी चालू असताना वारा लागतो तोवर काही होत नाही. थांबली की धुमसायला लागतं. भाड्याच्या गाड्या अशा जळून कोळसा झाल्या आहेत, आणि सोबत तंबू, पासपोर्ट, पाणी. त्यामुळे या महिन्यांत दर थांब्याला पाठीवर झोपून गाडीखाली बघायचं आणि वाकवलेल्या तारेने गवत ओढून काढायचं, हा नेम. जळक्या गवताचा वास आला की आधी थांबावं, मग चर्चा. अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी हवं, सामानाच्या तळाशी नको.

आणि पाऊस पडून गेल्यावर पॅनची माती. ही काळी, कपाशीची जमीन. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तिच्याबद्दल काय सांगावं! कोरडी असताना भेगा, ओली झाली की लोण्यासारखी. नांगरटीला आलेल्या काळ्या रानात भर पावसात ट्रॅक्टर घालणारा शहाणा आपल्याकडे नसतो, पण इथे येऊन अनेक शहाणे पॅन ओलांडायला जातात. या चिखलात हवा कमी करून फारसा उपयोग होत नाही, कारण टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत लाडू होतं. दोराने ओढायला दुसरी गाडी हवी, आणि दुसरी गाडी कदाचित उद्या येईल, कदाचित परवा. उपाय एकच: ढग गडगडले की तळावर थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढून वरचा थर सुकेपर्यंत चहा पीत बसायचं. चिखल टाळायला गवतातून नवी वाट पाडणं हा गुन्हा आहे, आणि त्या खुणा वर्षानुवर्षं बुजत नाहीत. एकट्या गाडीने जाणाऱ्यांनी उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्यावंच. गाडी बंद पडली तर मात्र तिला सोडून चालत निघू नये, कितीही जवळ वाटलं तरी. गाडी सावली देते, पाणी तिच्यात असतं, आणि शोधणाऱ्यांना माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

तळ म्हणजे झाडाखाली नंबराचा खांब, शेकोटीची जागा, खड्ड्याचा संडास, आणि बादली टांगून अंघोळ करायला आडोसा. बादलीत ओतायचं पाणी आपलं. कुंपण नाही. पुढचा तळ दिसेल-ऐकू येईल इतका जवळ नसतो. रात्री पाणी उघडं ठेवू नये. सिंह बादलीतलं पाणी प्यायला येतात, तंबूवरचं दव चाटतात. कोरड्या दिवसांत मधमाश्यांचाही त्रास: ओलं फडकं वाळत घातलं की तासाभरात त्यावर थवा. त्यांना मारू नये, डंख झाला की आणखी येतात. ओलं सगळं गाडीत बंद करावं आणि अंधार पडायची वाट बघावी. चपला-बूट तंबूबाहेर राहिले तर तपकिरी तरस किंवा कोल्हा ते पळवतो. रात्री शेकोटीशी बसताना दर पाच मिनिटांनी बॅटरीचा झोत चारी बाजूंना फिरवायचा, डोळे चमकतात का बघायचं. मुलं असतील तर ती कायम दोन मोठ्यांच्या मध्ये. संडासला रात्री पायी जाणं नाही. गाडी काढावी, लाज वाटली तरी.

संध्याकाळी दिवे मालवायच्या वेळी टिक-टिक-टिक असा आवाज सगळ्या खोऱ्यातून उठतो. ती बोटभर लांबीची भुंकणारी पाल. हजारो पाली आपापल्या बिळाच्या तोंडाशी बसून ओरडतात, आणि अंधार दाटत गेला की हळूहळू थांबतात.

प्राणी कसे शोधायचे, तर कानांनी आणि जमिनीवरून. ताडोबात चितळ-वानरांचा कॉल गाइड ओळखतो. इथे ते काम आपलं. पहाटे उजाडण्याआधी तळावर दहा मिनिटं शांत उभं राहून ऐकावं. सिंहाची डरकाळी शांत हवेत सात-आठ किलोमीटरवरून येते. दिशा ठरवून त्या बाजूच्या खोऱ्याकडे जावं. वाटेत वाळूवर ठसे दिसतील. कडा धारदार असतील आणि ठशावरून किड्यामुंग्यांच्या बारीक रेघा गेल्या नसतील तर तो पहाटेचा. रेघा ठशाच्या वरून गेल्या असतील तर रात्रीचा. सिंहाला पायाखाली काटे नको असतात, म्हणून तो रस्त्यानेच कोसभर चालत जातो. ठसे रस्ता सोडून गेले की तिथे थांबून झुडपांच्या सावल्या एकेक करून दुर्बिणीने तपासाव्यात. दहानंतर सगळे सावलीला गेलेले असतात. मग आपणही जावं.

मध बॅजर दिसला तर त्याच्या मागे राहावं, घाई न करता. तो दिवसभर उकरत असतो आणि त्याच्यामागून राखाडी चँटिंग गॉसहॉक उडत-बसत येतो. बिळातून दुसरीकडे पळालेला उंदीर हा ससाणा टिपतो. माळावर डौलात चालणारा तो उंच पक्षी म्हणजे कोरी बस्टर्ड, उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. आपल्या माळढोकाचा हा सख्खा चुलत भाऊ. सोलापूरच्या नान्नजला जन्म गेलेल्या पक्षीवेड्यांनी इथे यावं आणि एका सकाळीत आठ-दहा कोरी बघावेत; आनंद होईल की हुंदका येईल, सांगता येत नाही.

या प्राण्यांपैकी बहुतेकांना पाणवठा मिळत नाही. मग ते पितात काय? गेम्सबॉक उन्हात स्वतःचं शरीर तापू देतो, घाम गाळून पाणी दवडत नाही. नाकाच्या पोकळीत थंड होणाऱ्या रक्ताने मेंदूकडे जाणारं रक्त गार करतो. रात्री हवेत ओलावा असतो तेव्हा पानं तो शोषून घेतात; नेमकी तेव्हाच ती खातो. खुरांनी उकरून कंद काढतो. वाळूवर पसरलेल्या वेलीला त्सामा नावाचं फळ लागतं, आपल्या कलिंगडाचं रानटी भावंड. दहात नऊ हिस्से पाणी. हरणंच काय, तपकिरी तरसही ते खातो. सिंहाचं पाणी शिकारीच्या रक्तामांसात. १९७४ साली डिसेप्शन व्हॅलीत राहायला गेलेल्या मार्क आणि डेलिया ओवेन्स या अमेरिकन संशोधक जोडप्याने इथले सिंह महिनोन्‌महिने पाणी न पिता काढतात हे नोंदवून ठेवलं.

माणसांनीही हाच हिशोब हजारो वर्षं बसवला होता. ग्वी आणि गाना हे ‘सान’ नावाच्या आदिवासी समूहातले इथले लोक. त्यांची नावं देवनागरीत अशी लिहिली तरी ती अर्धीच. पहिल्या नावात ‘च्च, अरेरे’ म्हणताना आपण दातांमागे जिभेचा काढतो तो आवाज आहे, आणि दुसऱ्यात बैल हाकताना गालातून काढतात तो. कंद किसून, मुठीत पिळून ते पाणी काढत. ओल्या वाळूत पोकळ काडी खुपसून ओठांनी पाणी ओढत आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचात भरून ठेवत. एका कवचात लिटरभर मावतं. १९६१ साली हे रिझर्व्ह झालं ते प्राण्यांइतकंच या लोकांसाठी, त्यांना शिकार करून, कंद गोळा करून जगता यावं म्हणून. पुढे सरकारचं मत बदललं. १९९७ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये त्यांना बाहेरच्या वसाहतींत हलवण्यात आलं. २००२ मध्येच मोथोमेलो वस्तीवरची बोअरवेल बंद केली गेली. १३ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना हटवणं बेकायदा ठरवलं, पण पाणी पुरवायला सरकार बांधील नाही असंही म्हटलं. लोक परतले, पाणी मात्र नव्हतं. स्वतःच्या खर्चाने जुनी बोअर पुन्हा चालू करू द्या, एवढीच मागणी घेऊन ते कोर्टात गेले. जुलै २०१० मध्ये हरले. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क आहे असा ठराव केला. जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि बोअर वापरायचा हक्क त्यांना दिला. मधल्या वर्षांत याच रिझर्व्हमध्ये एका लॉजवर पोहण्याचा हौद बांधला गेला होता, आणि पुढे २०१४ साली आत हिऱ्याची खाणही सुरू झाली. ती २०१७ मध्ये बंद पडली. तळावर बादलीतलं पाणी डोक्यावर ओतताना हे माहीत असलेलं बरं.

उत्तरेच्या हद्दीवरून कुके कुंपण जातं, १९५८ सालचं. युरोपला गोमांस विकायचं तर रानातल्या प्राण्यांचा रोग गुरांना लागता कामा नये, म्हणून ते घातलं. दुष्काळ पडला की विल्डबीस्टचे कळप शेकडो वर्षांच्या सवयीने उत्तरेला, पाण्याकडे निघत. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात ते निघाले आणि तारेशी थांबले. हजारोंच्या संख्येने मेले. आज मध्य कलहारीत विल्डबीस्ट दिसतात, पण लहान टोळ्यांत. नाक्यावर बूट सोड्यात बुडवायला लावतात तो नियम आणि ही तार एकाच धोरणाची दोन टोकं आहेत.

रिझर्व्हच्या पश्चिमेला घांझी हा गुरांचा जिल्हा. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बोत्स्वानाला गेल्या तेव्हा भारताला देऊ केलेले आठ चित्ते याच भागातले. तेही पाण्याशिवाय दिवस काढायला शिकलेले.

परत फिरताना मात्स्वेरे गेटवर वहीत नावापुढे बाहेर पडल्याची वेळ लिहायला विसरू नये. नाहीतर कुणी तरी विनाकारण शोधत बसेल. राकोप्सला पोचल्यावर टायर पुन्हा ३५ वर भरावेत, पोटाखालचं गवत शेवटचं एकदा काढावं. डांबर लागेपर्यंत राखीव वीस लिटरला हात लावू नये, गेट दिसलं तरी. शेवटच्या ४५ किलोमीटरच्या वाळूत फसणारे पुष्कळ असतात. ते पाणी उरलंच, तर ओतून देऊ नये. राकोप्सला आत जायच्या तयारीत थांबलेल्या गाडीतल्या लोकांना विचारावं. त्यांनी मोजून आणलेलं असतं, तरी नको म्हणत नाहीत.